हृदयशस्त्रक्रिया, अचेतावस्था आणि अंतकाळीचे स्मरण

खानदेश, वऱ्हाड आणि मराठवाडा या प्रांतांतून उदरनिर्वाहासाठी आलेली कितीतरी वासनिक कुटुंबे आज वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, कामोठे, खारघर या वसाहतींतून स्थिरावलेली आहेत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली तेव्हा जेथे भाताची खाचरे आणि मिठागरे होती, तेथे आता मोठमोठी रुग्णालये उभी आहेत. साहजिकच गावाकडील वडीलधाऱ्यांना हृदयाचे दुखणे जडले म्हणजे त्यांना मुलाच्या किंवा जावयाच्या घरी नवी मुंबईस आणले जाते. अँजिओग्राफी होते, रक्तवाहिन्यांतील अडथळे दिसतात, शस्त्रक्रियेची तारीख ठरते. आणि ती तारीख येईपर्यंतचे आठ-पंधरा दिवस रुग्णाने परक्या शहरातील चौथ्या-पाचव्या मजल्यावर बसून काढावयाचे असतात. भेटीस येणाऱ्या साधुमहंतांपुढे या दिवसांत रुग्ण आपली जी शंका मांडतो, ती 'मी वाचेन की नाही' ही नसते. ते तो वैद्याला विचारतो. साधूपुढे तो मांडतो ती शंका निराळी असते. आयुष्यभर नाम घेतले, लीळांचे श्रवण-मनन केले, ते अंतकाळी परमेश्वराचे स्मरण घडावे म्हणून. आता भूल देऊन कित्येक तास बेशुद्ध ठेवणार, आणि त्या अवस्थेतच देह पडला तर स्मरण कोणी करावयाचे? जन्मभराची जोड ऐन वेळी हातची गेली असे होणार नाही काय?

या शंकेस 'देव पाहून घेईल' असे उत्तर देऊन उठून जाणे सोपे असते. त्याने रुग्ण गप्प बसतो, परंतु शंका फिटत नाही. उलट आपण विचारले तेच चुकले असे त्याला वाटू लागते. शास्त्र हातात असणाऱ्याने असे करू नये. शंका भीतीतून निघालेली असली तरी ती शास्त्रीय आहे, आणि तिचा विचार शास्त्राच्याच अंगाने झाला पाहिजे.

प्रथम शस्त्रक्रियेत घडते काय हे नीट समजून घेणे अवश्य आहे. कारण अर्धी भीती ऐकीव गोष्टींतून आलेली असते. बायपास शस्त्रक्रियेत हृदय बदलत नाहीत. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या तुंबलेल्या असतात. पायातील शीर किंवा छातीच्या आतील बाजूची धमनी घेऊन त्या अडथळ्याच्या पलीकडे रक्ताला नवी वाट करून देतात. पाटाला दरड आडवी आली असता शेतकरी बाजूने चर काढून पाणी पुढे नेतो, तसाच हा प्रकार. काही शस्त्रक्रियांत, विशेषतः झडप बदलावयाची असता, हृदय काही काळ थांबवावे लागते. त्या अवधीत रक्त शरीराबाहेरील यंत्रातून फिरविले जाते आणि तेथेच त्याला प्राणवायू मिळतो. अशा यंत्राच्या साह्याने उघड्या हृदयावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे केली. पोटॅशियमयुक्त द्रावणाने हृदय निश्चल करतात, काम आटोपल्यावर रक्त पुन्हा सोडतात, आणि हृदय आपण होऊन अथवा विजेच्या हलक्या धक्क्याने चालू होते. बायपासची शस्त्रक्रिया मात्र आपल्याकडील बरेच शल्यविशारद धडधडत्या हृदयावरच करतात; तेथे हृदय थांबविण्याचा प्रश्नच येत नाही.

हृदय थांबले म्हणजे जीव गेला, ही लोकसमजूत. काही वासनिकांनाही असे वाटते की हृदय बंद असताना जीव कोठे तरी निघून जातो आणि मग परत येतो. सर्वज्ञांच्या शास्त्रात याला आधार नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. देह हा प्रपंचाच्या कोटीतला. मग त्यातील हृदय हा मांसल अवयव कितीही मोलाचा असो, तोही प्रपंचच. जीव चेतन आहे, तो त्या मांसपिंडाचा भाग नव्हे. यंत्राने रक्ताभिसरण चालू ठेवले असता देह जगत राहतो, हे आज प्रत्यक्ष दिसते. जो अवयव थांबवून पुन्हा चालू करता येतो तो जीवाचे स्वरूप असू शकत नाही, ही गोष्ट शल्यविद्येने नव्याने सिद्ध केली असे नाही. पदार्थज्ञान ज्याला आहे त्याला ती अपूर्व वाटण्याचे कारण नाही. तथापि पाठांतराने माहीत असलेला सिद्धांत आणि स्वतःच्या छातीच्या संदर्भात कळलेला सिद्धांत यांत अंतर आहे, हेही खरे. जन्मभर 'देह म्हणजे मी नव्हे' असे म्हणणारा मनुष्य संमतिपत्रावर सही करताना थरथरतो, यात त्याचे ढोंग नसते. सिद्धांत अजून हाडात मुरलेला नसतो, एवढेच. त्याला हसू नये.

आता मुख्य शंका. अंतकाळी जसे स्मरण तशी गती, हा उपदेश श्रीकृष्ण चक्रवर्तींनी गीतेच्या आठव्या अध्यायात केला आहे. त्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाने जे प्रश्न विचारले त्यांत प्रयाणकाळी तुम्हाला कसे जाणावे, हाही एक आहे. म्हणजे नेरूळच्या किंवा खारघरच्या घरात बसलेल्या रुग्णाचा प्रश्न आणि अर्जुनाचा प्रश्न एकच. भगवंतांच्या उत्तराचा पहिला भाग सर्वांना मुखोद्गत असतो. पुढचे दोन श्लोक मात्र घाईत मागे पडतात. पाचव्या श्लोकात अंतकाळीच्या स्मरणाचे फळ सांगितले. सहाव्यात त्याचे कारण सांगितले: अंती तोच भाव उठतो ज्याने चित्त सदैव भावित झालेले असते. आणि सातव्यात त्यावरून निघणारी आज्ञा सांगितली: म्हणून सर्व काळी माझे स्मरण कर आणि युद्धही कर.

ही आज्ञा कोणत्या स्थळी झाली, इकडे सहसा लक्ष जात नाही. रणांगणावर मृत्यू सावकाश येत नाही. उशाशी आप्त बसले आहेत, कोणी लीळा वाचीत आहे, मुखी नाम आहे, असा अंत तेथे कोणाच्या वाट्यास यावा? बाण कंठात शिरला तर नामाचे एक अक्षर उच्चारण्याइतका अवसर नाही. गदेच्या प्रहाराने शुद्ध हरपून काही घटकांनी देह पडला, तर ती अचेतावस्था भुलेच्या अचेतावस्थेहून काय वेगळी? अंतिम क्षणी जागृत राहून केलेल्या उच्चारावरच सर्व काही अवलंबून असते, तर भगवंतांनी अर्जुनाला प्रथम रथातून उतरवून एखाद्या निवांत स्थळी बसविले असते. त्यांनी तसे केले नाही. सर्व काळी स्मरण कर, आणि समोरचे काम टाकू नकोस, असे सांगितले. जेथे अंतकाळाचा क्षण हाती लागण्याची सर्वांत कमी शक्यता, तेथेच ही आज्ञा झाली आहे. मग तिचा अर्थ 'शेवटचा क्षण हातचा जाऊ देऊ नका' असा लावणे प्रकरणाला सोडून होते.

यावर पूर्वपक्ष असा येईल की, मग अंतकाळाचा वेगळा निर्देश तरी कशासाठी? सर्व काळ पुरेसा असता तर शेवटाचे नाव घेण्याचे कारण नव्हते. आक्षेप रास्त आहे. त्याचे समाधान असे की, शेवट हा मनुष्याच्या सर्व काळाचे माप दाखवितो; तो वेगळे फळ उत्पन्न करीत नाही. धान्याच्या राशीतून पायली भरून पाहिली म्हणजे रास कळते. पायलीमुळे रास वाढत नाही आणि पायली भरावयाची राहून गेली म्हणून रास कमीही होत नाही. जागृत मनुष्याच्या बाबतीत अंतकाळी जे स्मरण उठते ते त्याच्या सर्व काळाच्या स्मरणाची साक्ष असते. भुलेखाली ही साक्ष बाहेर उमटत नाही, इतकेच म्हणता येईल.

अचेतावस्थेत संस्कार नष्ट होतो काय, हा खरा मुद्दा. याचे उत्तर प्रत्येकाच्या रोजच्या अनुभवात आहे. गाढ निद्रेत कोणी नाम घेत नाही. तरीही सकाळी उठताच स्मरणवंताच्या मुखी नामच येते, आणि चिंताग्रस्त मनुष्याला कर्जच आठवते. रात्रीच्या सहा-सात तासांत ते कोठे होते? संस्कार जीवाच्या ठायी होता. व्यापार तेवढा थांबला होता. निद्रेत मृत्यू येतो म्हणून कोणी वासनिक झोपण्याचे सोडीत नाही. भूल आणि निद्रा एक नव्हेत, भूल औषधाने आणलेली असते आणि हाक मारल्याने उतरत नाही, हे खरे. परंतु स्मरणाचा व्यापार थांबणे आणि स्मरणाचा संस्कार पुसला जाणे यांतील भेद दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

श्रीप्रभू आणि सर्वज्ञ यांच्यानंतर पंथ ज्या स्मरणाच्या बळावर टिकला त्याचा इतिहास या दृष्टीने पाहावा. सर्वज्ञ उत्तरापंथे गेल्यावर श्रीनागदेवाचार्य लीळांचे नित्य मनन करीत. म्हाइंभटांनी ते पाहून विचारले, आणि त्या मननातूनच लीळाचरित्राच्या संकलनाचा उगम झाला. श्रीचरण समोर असताना जे पाहिले-ऐकले, ते असन्निधानाच्या काळात आठवणे, हीच आचार्यांची रीत होती. पुढे खल्जींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथ्या हातच्या गेल्या तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्याकडून चरित्र पुन्हा सिद्ध झाले. हिराइसेचा पाठ आजही त्या नावाने ओळखला जातो. पोथी गेली म्हणून चरित्र गेले नाही. ज्याच्या पोटात चरित्र आहे त्याच्या हातची पोथी घटकाभर काढून घेतली तर त्याचे काय जाते, हे त्या पिढीने दाखवून दिले आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि सिद्धांताच्या दृष्टीने तीच सर्वांत वजनाची. मोक्ष हे जीवाने शेवटच्या क्षणी घडविलेले कार्य नव्हे. स्वर्ग, नरक, कर्मभूमी ही फळे देवता देतात. मोक्ष हे चौथे फळ एकटा परमेश्वर देतो. जीवाने स्मरण करावे, आचार पाळावा, अनुतापाने जवळ यावे. पण देणे हे त्याच्या हातचे नाही. तेव्हा शंका घेणाऱ्याने एवढा विचार करावा की भूल कोणाला दिली जाते. रुग्णाला. दात्याला नव्हे. जीव अचेत असता परमेश्वराचे ज्ञान लोपते असे म्हणणारा त्याला नित्यमुक्त म्हणतच नाही. भक्ताने साठ वर्षे घेतलेले नाम शल्यगृहातील पाच तासांत ज्याच्या विस्मरणात जाईल असा परमेश्वर सर्वज्ञांनी सांगितलेला नाही. मात्र हेच वाक्य ज्याने साठ वर्षांत नाम घेतले नाही त्याने आपल्या समाधानासाठी वापरू नये. त्याला अजून आठ दिवस आहेत, ते त्याने वापरावेत.

येथवर झाले ते अंतकाळाविषयी. परंतु काही रुग्ण याच्या अलीकडेच थांबतात. दुखणे हे कर्मफळ आहे, ते भोगून संपवावे. शस्त्राने ते टाळणे म्हणजे भोग पुढच्या जन्मावर ढकलणे होय, असे त्यांचे म्हणणे. काही उपदेशी मंडळीही अशा बोलण्याला मान डोलावतात. या मताला वैराग्याचा रंग आहे, पण विचार कच्चा आहे. पहिली गोष्ट अशी की शस्त्रक्रियेने भोग टळतो हेच चूक. छातीचे हाड करवतीने उभे कापतात, तारांनी बांधतात. ते सांधण्यास दोन-तीन महिने लागतात. खोकला आला तरी उशी छातीशी धरावी लागते. हा भोग नव्हे तर काय? दुसरी गोष्ट, आपल्या कर्माचे माप जीवाला ठाऊक नसते. हा भोग मृत्यूने संपणार आहे की उपचाराने, हे ज्याला कळते त्यानेच उपचार नाकारून बसावे. तुंबलेली वाहिनी कर्मफळ म्हणावी आणि ती मोकळी करणारा वैद्य वेळेवर भेटला हे कर्मफळात धरू नये, हा कोणता न्याय?

आणि सर्वांत मोठा आधार सर्वज्ञांच्या आचरणाचा. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन श्रीचक्रधरप्रभूंच्या जानूखाली दडला, ही लीळा लहान मुलांनाही ठाऊक असते. ससा मरणाच्या दारात होता. तेही त्याच्या कर्माचेच फळ म्हणता आले असते. सर्वज्ञांना तर ते कर्म दिसतही होते. तरी त्यांनी सशाला भोग भोगून ये असे सांगून बाहेर लोटले नाही. शरण आलेल्याचे रक्षण केले, आणि पारध्यांनाही शब्दानेच त्या कर्मापासून परावृत्त केले. जीव वाचविणे हे कर्मव्यवस्थेत ढवळाढवळ करणे आहे असे ज्याला वाटते त्याने ही लीळा पुन्हा वाचावी.

खारघर येथे श्री सत्य साई संजीवनी हे लहान मुलांच्या हृदयरोगाचे रुग्णालय आहे. त्या संस्थेचे श्रद्धास्थान आणि परधर्माचे श्रद्धास्थान एक नव्हे, आणि पंथीय वाचकाला ते सांगावयास नको. तथापि तेथे उपचारासाठी एक पैसाही घेतला जात नाही, ही गोष्ट मोकळेपणाने मानली पाहिजे. हृदयाला छिद्र घेऊन जन्मलेले, रडताना ओठ निळे पडणारे तान्हे मूल मांडीवर घेऊन तेथे आईबाप बसलेले असतात. 'भोगून संपवावे' हे मत त्या आईला सांगून पाहावे. जे मत स्वतःच्या वार्धक्याविषयी वैराग्य वाटते आणि त्या मुलाविषयी क्रौर्य ठरते, त्यात सिद्धांत किती आणि वार्धक्याचा थकवा किती, हे तपासले पाहिजे.

याचा अर्थ प्रत्येकाने शस्त्रक्रिया करून घेतलीच पाहिजे असा नव्हे. ऐंशी ओलांडलेला, अन्य व्याधींनी जर्जर झालेला भिक्षू, ज्याला लाभ थोडा आणि धोका फार असे वैद्यच सांगतात, त्याने औषधांवर राहून स्मरणात काळ घालविण्याचे ठरविले तर त्यात देहत्यागाचा दोष नाही. उलट ज्याच्यावर संसार अवलंबून आहे, ज्याला उपचाराने वर्षानुवर्षे आयुष्य मिळणे संभवते, अशा वासनिकाने भीतीपोटी नकार द्यावा आणि त्याला अनासक्ती म्हणावे, हे योग्य नाही. नकार भीतीचा असू शकतो, होकारही भीतीचा असू शकतो. ओळख एकच: वाचल्यावर मिळणारे आयुष्य कशासाठी हवे, याचे उत्तर रुग्णाजवळ आहे काय? नरदेह दुर्लभ खरा, परंतु तो धर्मासाठी दुर्लभ. मिळालेली दहा वर्षे पूर्वीसारखीच वाया घालवावयाची असतील तर दुर्लभतेचा दाखला देण्यात अर्थ नाही.

यापुढे जो प्रश्न आहे तो पंथाच्या आचाराच्या दृष्टीने अधिक अवघड आहे, आणि त्याविषयी नियतकालिकांतून फारशी चर्चा झालेली दिसत नाही. तो प्रश्न अहिंसेचा. हृदयाची झडप निकामी झाली असता बसविण्यात येणाऱ्या कृत्रिम झडपा दोन प्रकारच्या असतात. एक धातू व कार्बन यांची. ती टिकाऊ असते, पण तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर वॉरफरिनसारखे औषध घ्यावे लागते आणि वारंवार रक्त तपासावे लागते. दुसरी प्राणिज, ती डुकराच्या झडपेपासून किंवा गोवंशातील प्राण्याच्या हृदयावरणापासून बनवितात, तिला ते औषध जन्मभर लागत नाही, पण ती काही वर्षांनी झिजते. सर्वसाधारणपणे पन्नाशीच्या आतील रुग्णास पहिली आणि पासष्टीच्या पुढील रुग्णास दुसरी सुचविली जाते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने पहिल्या प्रकारची झडप देशातच तयार केली आणि १९९० च्या डिसेंबरात ती प्रथम रुग्णाला बसविली गेली. त्यामुळे ती गरिबांच्या आवाक्यात आली.

मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून पाहून चालणाऱ्या भिक्षूच्या छातीत डुकराची झडप, हा विचार अंगावर काटा आणणारा आहे. त्यावर एक सोपे उत्तर दिले जाते: प्राणी मांसासाठी मारलेलाच असतो, रुग्णासाठी कोणी त्याला मारीत नाही. हे उत्तर स्वीकारता येण्यासारखे नाही. मांसविक्रेत्याच्या दुकानात उभा असलेला गिऱ्हाईकही हेच म्हणू शकेल. मेलेल्याचा उपयोग करणाऱ्यांवरच मारणाऱ्याचा व्यापार चालतो.

म्हणून निर्णय असा करणे उचित दिसते: शल्यविशारदास आपला आचार अगोदर स्पष्ट सांगावा. दोन्ही झडपा वैद्यकीय दृष्ट्या सारख्याच चालण्याजोग्या असतील तर धातूची निवडावी आणि तिच्याबरोबर येणारे पथ्य, रक्ततपासणीचा त्रास व रक्तस्रावाची जोखीम आनंदाने पत्करावी. अहिंसेची काही किंमत द्यावी लागते, ती हीच. परंतु वय, पोटातील व्रण, अपस्मार किंवा खेड्यात नियमित रक्ततपासणीची सोय नसणे अशा कारणांनी वैद्य ते औषध धोक्याचे म्हणत असेल, तर प्राणिज झडप घेणाऱ्याला पतित ठरवू नये. त्याने ते निरुपायाने झालेले म्हणून मनात धरावे, अनुताप करावा, आणि आपल्या मार्गदर्शक महंतांकडून प्रायश्चित्त घ्यावे. दोष नाहीच असे म्हणून सुटणे आणि दोष आहे म्हणून मरणे, या दोहोंच्या मधली वाट प्रायश्चित्ताने ठेवली आहे.

ज्यांना झडप बदलावयाची नाही त्यांनीही हा विचार आपल्याला लागू नाही असे समजू नये. हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन मुख्यतः डुकराच्या आतड्यापासून, कोठे कोठे गोवंशीय प्राण्यांपासून काढतात. आणि शेवटी त्याचा प्रभाव उतरविण्यासाठी दिले जाणारे प्रोटामीन मूळचे माशांपासूनचे. येथे निवडीला जवळजवळ वाव नाही. त्यावाचून शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद क्वचितच आढळतील. ही गोष्ट रुग्णापासून लपविण्यात हित नाही. आजवर शस्त्रक्रिया करून आलेल्या कितीतरी शुद्धाचारी वासनिकांनी हे न जाणता घेतले आहे. जाणून अनुतापाने घेणे हे न जाणता घेण्यापेक्षा बरे. प्रयोगशाळेत तयार होणारे पर्याय पुढेमागे रुळतील, आणि ते मागणारे रुग्ण असतील तर लवकर रुळतील. निषेध लिहिण्यापेक्षा प्रत्येक अनुयायाने आपल्या वैद्याला हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे.

रक्ताचा प्रश्न मात्र मुळीच अवघड नाही, तरी काही घरांतून तो काढला जातो. बाटलीतील रक्त कोणाचे असेल, कोणत्या जातीचे, अभक्ष्य खाणाऱ्याचे तर नसेल? चारही वर्णांच्या दारी भिक्षा मागावी, घर निवडू नये, अशी ज्या पंथाची आज्ञा त्या पंथात हा प्रश्न उद्भवावा हीच लाजेची गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर १९९८ पासून देशात रक्त विकत देण्यास बंदी आहे. तेव्हा बाटलीत येते ते कोणा अनोळखी माणसाने दिलेले दानच असते. भिक्षेच्या झोळीत पडलेल्या भाकरीचे कूळ जसे पुसत नाहीत, तसे याचेही पुसू नये. शक्य असल्यास रुग्णाच्या घरातील तरुणांनी तेवढेच रक्त देऊन यावे.

खर्चाविषयी थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची जन आरोग्य योजना, जी २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, तिच्यात हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. गृहस्थाने तिचा लाभ घेण्यात संकोच मानू नये. भिक्षूच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. अपरिग्रही साधूला उपचार मिळावेत हे वासनिकांचे कर्तव्य. परंतु साधूने सर्वसाधारण कक्षात होणाऱ्या उपचारासाठी खासगी दालन मागू नये, आणि वासनिकांनीही आपल्या महंताचे दालन दुसऱ्या महंताच्या दालनापेक्षा मोठे असावे या ईर्षेने वर्गणी गोळा करू नये. शल्यविशारदाचा हात दोन्ही ठिकाणी तोच असतो.

राहिले ते शस्त्रक्रियेपूर्वीच्या दिवसांचे. हत्तीच्या दृष्टान्तात जन्मांधांनी एकेक अवयव चाचपून त्यालाच हत्ती म्हटले, तसे या दिवसांत रुग्णाभोवती घडते. मुलाला खर्च दिसतो, सुनेला पथ्यपाणी, वैद्याला अहवालातील आकडे, शेजाऱ्याला त्याच्या मेहुण्याची फसलेली शस्त्रक्रिया. आणि प्रत्येकजण आपल्या हाती लागले तेच सांगत सुटतो. रुग्णाने ऐकावे सर्वांचे, पण विचारावे मोजके. ज्याचे देणे असेल ते लिहून ठेवावे, ज्याच्याशी बोलणे तुटले असेल त्याला बोलावून घ्यावे. घरच्यांनी दिवसातून एक-दोन वेळा तरी दूरदर्शन बंद ठेवून लीळाचरित्राचे वाचन करावे.

शल्यगृहात नेण्यापूर्वी अंगावरील सर्व वस्तू उतरवावयास सांगतात. गळ्यातील किंवा दंडातील प्रसाद-विशेषही काढावे लागतात. ते परिचारिकेच्या हाती न देता सोबतच्या वासनिकाजवळ वंदन करून द्यावेत, आणि ते काढले म्हणजे आपण उघडे पडलो असे मनात आणू नये. भूल चढण्यास फार वेळ लागत नाही. भूलतज्ज्ञ काही विचारीत असेल त्याचे उत्तर द्यावे आणि उरलेल्या क्षणांत नाम घ्यावे. ते कोणत्या अक्षराशी तुटले हे पुढे आठवणार नाही.

शुद्धीवर येतानाची एक गोष्ट रुग्णाला कोणी सहसा सांगत नाही, ती सांगून ठेवावी. जाग येते तेव्हा तो अतिदक्षता विभागात असतो आणि श्वासासाठीची नळी घशात असते. ती काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी निघते. तोवर आवाज फुटत नाही. हात सैल बांधलेले असू शकतात, आजूबाजूला यंत्रे वाजत असतात, आणि वेळ दिवसाची की रात्रीची हे कळत नाही. ज्यांना मोठ्याने नाम घेण्याचीच सवय आहे ते अशा वेळी घाबरून नळीशी झटापट करतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या आठ दिवसांत, व्यायाम शिकविणारे तीन चेंडूंच्या उपकरणातून श्वास ओढण्याचा सराव जसा करून घेतात, तसाच ओठ न हलविता स्मरणाचा सराव करावा. प्रथम नाम, मग श्रीमूर्ती, मग एखादी लहानशी लीळा आरंभापासून शेवटपर्यंत, तीही प्रत्येक वेळी तीच. जाग येईल तेव्हा ती लीळा जेथे सापडेल तेथून पुढे चालवावी.